शेपटीवर बसणारी विमानं

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर आज कुठलंही विमान पाहा, ते आडवं उभं असतं. नाकाखाली चाकं, पंखांखाली चाकं, पोट जमिनीला समांतर. वैमानिकाला पुढची धावपट्टी शेवटपर्यंत दिसते. जुन्या जुहूचे फोटो काढून बघितले की चित्र पालटतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन ज्या पस मॉथ विमानातून जुहूला उतरले, ते जमिनीवर आलं की शेपटीवर बसायचं. नाक आभाळाकडे, शेपूट मातीत. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तेव्हा घेतलं ते लेपर्ड मॉथ. तेही शेपटीवर बसणारंच.

विमान आडवं उभं राहायला लागलं, ते सोयीचंच झालं. त्या सोयीपायी वैमानिकाच्या पायांचं एक शिक्षण मात्र मागे पडलं. हा मागोवा त्या शिक्षणाचा आहे. ते जन्मलं कुठे, मराठी माणसांच्या हातांतून कसं गेलं, आणि आज महाराष्ट्रात ते कुणाला मिळतं, कुणाला मिळत नाही, याचा.

आधी थोडं यंत्राबद्दल. वैमानिकाच्या हातात स्टिक असते आणि पायांखाली रडरची दोन पेडलं. स्टिक डावी-उजवीकडे नेली की पंख कलतात, मागे-पुढे केली की नाक वर-खाली होतं. पेडल दाबलं की शेपटीवरचं उभं सुकाणू वळतं आणि नाक त्या बाजूला सरकतं. कागदावर एवढंच आहे. गोम अशी की विमान उजवीकडे कलवलं की वर गेलेला डावा पंख हवेत जास्त अडतो आणि नाक आधी डावीकडे जाऊ बघतं, म्हणजे वळायचं त्याच्या नेमकं उलट. राइट बंधूंना हे १९०२ साली किटी हॉकच्या वाळूत कळलं. त्या वर्षीच्या त्यांच्या ग्लायडरला मागे अचल शेपूट होतं, आणि कललेलं ग्लायडर सरळ होण्याऐवजी त्याच बाजूला घसरत जाऊन वाळूत रुतायचं. शेवटी त्यांनी शेपूट हलतं केलं आणि पंखांच्या दोऱ्यांशी जोडून टाकलं. हात आणि पाय यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं, ही वैमानिकीची पहिली अट तिथे ठरली. विमान हवेत तिरकं घसरतंय का, हे समजायला त्यांनी समोर एक दोरा बांधला. दोरा सरळ मागे उडाला तर ठीक, तिरका झाला तर पाय चुकतोय. सव्वाशे वर्षं होत आली, ग्लायडरच्या काचेवर आजही लोकरीचा तसाच धागा चिकटवलेला असतो आणि कितीही महागडं उपकरण बसवलं तरी ग्लायडरवाले आधी त्या धाग्याकडे बघतात.

पुढची दहा वर्षं ज्याने माणसं मारली ते म्हणजे स्पिन. विमानाचा वेग कमी पडून किंवा नाक जास्त वर जाऊन पंखावरची हवा सुटली की त्याला स्टॉल म्हणतात. त्यात एक पंख दुसऱ्याआधी पडला की विमान गरगरत खाली येतं. अशा वेळी हाताची उपजत प्रतिक्रिया चुकीची ठरते. नाक खाली जातंय म्हणून हात स्टिक मागे ओढतो, पंख पडतोय म्हणून स्टिक उलट बाजूला नेतो. या दोन्ही गोष्टींनी स्टॉल आणखी खोल होतो. २५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडमध्ये लार्कहिलच्या मैदानावर विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलाचा लेफ्टनंट असाच गरगरत खाली येत होता. ठाऊक होतं ते सगळं त्याने करून पाहिलं. काहीच चालेना तेव्हा फिरण्याच्या विरुद्ध बाजूचं पेडल तळापर्यंत दाबलं, आणि जमीन जेमतेम पंधरा मीटरवर असताना विमान सरळ झालं. खाली बघणाऱ्या जाणकारांनी त्याला लगेच गाठून, कुठला हात कुठे होता आणि कुठला पाय कुठे, हे सगळं विचारून घेतलं. पार्क त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका अपघातात गेला.

हवेत मुद्दाम उलटंपालटं व्हायचं आणि त्यातून काही शिकायचं, ही कल्पना तेव्हाच्या वरिष्ठांना मान्य नव्हती. १९१३ च्या सप्टेंबरात कीव्हजवळ रशियन सैन्याच्या प्योत्र नेस्तेरोव्हने जगातला पहिला लूप मारला. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला दहा दिवसांची अटक झाली. काही दिवसांतच फ्रान्सच्या पेगूने तेच केलं, त्याचं जगभर कौतुक झालं, आणि मग रशियन साहेबांनी नेस्तेरोव्हला बढती दिली. सरकारी खात्यांचा हा स्वभाव आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

कसरतींना शिक्षणाचा दर्जा मिळाला तो पहिल्या महायुद्धात. फ्रान्सच्या आघाडीवर येणारी नवी पोरं इतकं कमी शिकून येत होती की शत्रूने गोळी घालायच्या आधीच मरत होती. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने वर पत्रं लिहून भंडावून सोडलं, तेव्हा डिसेंबर १९१६ मध्ये त्याला इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टची तुकडी दिली गेली. त्याचं म्हणणं सरळ होतं. विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवू नका. धोक्यात न्या, तो का आला ते सांगा, त्यातून त्यालाच बाहेर येऊ द्या. दोघांना चालवता येणारं एव्हरो ५०४ विमान, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात बोलायला रबरी नळी, आणि अभ्यासक्रमात स्टॉल, स्पिन, लूप, आडव्या वाऱ्यातलं उतरणं. जगात कुठेही आज विमान शिकवलं जातं ते या गॉस्पोर्ट पद्धतीच्या पायावर.

त्याच काळात मुंबईहून गेलेला एक तरुण इंग्लंडमध्ये विमान शिकत होता. श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान उडवणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या हिंदी माणसांपैकी एक. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय ही नावं तरी पाठ्यपुस्तकांच्या कोपऱ्यात सापडतात, वेलिणकर तिथेही नाहीत. ते २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत. शेपटीखाली लाकडी आकडा असलेलं, शेपटीवर बसणारं विमान. जून १९१८ मध्ये गस्तीवरून ते परतले नाहीत आणि महिनाअखेरीस शत्रूच्या ताब्यात असताना जखमांनी गेले. त्यांची कबर फ्रान्समध्ये आहे.

आता शेपटीकडे. विमानाचं तिसरं चाक मागे असलं की पुढची दोन चाकं आणि विमानाचा गुरुत्वमध्य यांचं नातं अवघड होतं. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे पडतो. हातगाडी ओढत नेली तर ती मुकाट मागून येते, ढकलत नेली तर जरा तिरकी होताच आणखी तिरकी व्हायला बघते. शेपटीवर बसणारं विमान ही सतत ढकलायची हातगाडी आहे. उतरल्यावर नाक दोन अंश हललं आणि पायांनी ते लगेच पकडलं नाही, की मागचं वजन पुढे यायला धावतं आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरून एक पंख जमिनीवर घासतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात माणूस क्वचितच मरतो, विमान मात्र हमखास मोडतं आणि अब्रू त्याहून हमखास जाते. म्हणून या विमानांवर शिकलेल्याचे पाय उतरल्यानंतरही नाचत असतात. इंजिन बंद होऊन विमान थांबेपर्यंत उड्डाण संपलं असं तो मानत नाही.

इतकं अवघड होतं तर चाक मागे ठेवलंच का? कारण विमानं तेव्हा धावपट्टीवर उतरत नव्हती, मैदानावर उतरत होती. १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब ज्या जुहूला सुरू झाला, आणि जिथे शिकून जे. आर. डीं.नी १० फेब्रुवारी १९२९ ला या देशात दिलं गेलेलं पहिलं वैमानिक प्रमाणपत्र घेतलं, तिथे गवत आणि चिखल होता. पावसाळ्यात तर तेही वापरता येत नसे. टाटांच्या टपालसेवेचा मुक्काम चार महिने पुण्याला हलायचा. खडबडीत जमिनीवर नाकाखालचं नाजूक चाक मोडलं असतं, शेपटीचा आकडा मात्र माती ओरखडत ब्रेकचं काम करायचा. नाक वर असल्यामुळे पंखाही दगडांपासून लांब राहायचा. मैदानाचा आणखी एक फायदा होता: वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरता येत असे. आडव्या वाऱ्याचा प्रश्न उभा राहिला तो डांबरी पट्ट्या आल्या तेव्हा. चिकलठाण्याची पट्टी पूर्व-पश्चिम आहे; वारा दक्षिणेकडून आला म्हणून ती फिरत नाही. विमान नाकाखाली चाक देऊन आडवं केलं गेलं ते अशा पट्ट्यांसाठी. त्याआधीच्या वैमानिकाला अख्खं मैदान वापरायला मिळत होतं.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचं उड्डाणकेंद्र होतं हैदराबादचं बेगमपेठ. दुसऱ्या महायुद्धात तिथे वैमानिकांची प्राथमिक शाळा चालली, टायगर मॉथवर. हे विमान शिक्षकाच्या स्वभावाचं होतं. उडायला सोपं, नीट उडवायला कठीण. ब्रेक नाहीत, मागे नुसता आकडा. विद्यार्थी मागच्या खुर्चीत बसायचा आणि समोरचं काही न दिसल्यामुळे नागमोडी चालवत जमिनीवरून न्यायचा. हवेत पेडलं विसरून वळलात तर उघड्या कॉकपिटमध्ये वारा एका गालावर बसायचा. त्याहून स्वस्त आणि प्रामाणिक उपकरण मला तरी माहीत नाही.

इथून पुढे हा धागा एका मराठी माणसाच्या हातात येतो, आणि त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत मांडणारे हेच ते प्रांटल. म्हणजे स्टॉल का होतो हे ज्यांनी जगाला समजावलं, त्यांच्या हाताखाली. परत येऊन घाटगे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले. स्वातंत्र्यानंतर वायुदलाला टायगर मॉथच्या जागी स्वतःचं शिकाऊ विमान हवं होतं. त्या कामातून जे उभं राहिलं ते एचटी-२. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. भारतात आखलेलं आणि बांधलेलं इंजिनाचं पहिलं विमान ते हेच.

एचटी-२ धातूचं होतं, एकपंखी होतं, एकामागे एक दोन खुर्च्या, १५५ अश्वशक्तीचं इंजिन, सगळ्या कसरती करायची ताकद. आणि चाक मागे. यात जुनाटपणा नव्हता, विचार होता. वायुदलाकडे तेव्हा स्पिटफायर होती, टेम्पेस्ट होती, पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्ड होती, सगळी शेपटीवर बसणारी. पण नाकाखाली चाक असलेली व्हॅम्पायर जेट विमानंही १९४८ पासून येऊ लागली होती. हंटर, नॅट, मिग, सगळी पुढे आडवी उभी राहणारीच आली. तरीही एचटी-२ सुमारे १७० बांधली गेली, आणि त्यानंतर तीन दशकं जेट उडवायला निघालेल्या पोरांची पहिली ओळख झाली ती या विमानाशी. ज्याला जन्मात पुन्हा शेपटीवर बसणारं विमान भेटणार नव्हतं, त्यालाही पाय तिथेच घडवावे लागले. घानाने आपलं वायुदल उभारलं तेव्हा त्यांनाही एचटी-२ आपल्याकडून गेली.

घाटग्यांनी मग नागरी क्लबांसाठी पुष्पक केलं. सप्टेंबर १९५८ मध्ये ते उडालं. वर पंख, कापड ताणलेलं अंग, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, ९० अश्वशक्ती, चाक पुन्हा मागेच. दीडशेच्या घरात पुष्पकं बांधली गेली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. साठ-सत्तरच्या दशकांत एअर इंडिया किंवा इंडियन एअरलाइन्समध्ये गेलेल्या कितीतरी कॅप्टनांनी पहिलं एकट्याचं उड्डाण पुष्पकवर केलेलं आहे. बोइंगच्या कप्तानाचा पाया कापडी विमानात घातला जायचा, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

त्या काळाचा थाट बघायचा तर नागपूर. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी डाकोटा विमानं मध्यरात्री तिथल्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या घरी. डाकोटा म्हणजे दोन इंजिनांचं, एकवीस-बावीस माणसं बसतील एवढं, तरीही शेपटीवर बसणारं विमान. अंधारात ती सगळी पायांवर उतरवली जात होती.

दरम्यान अमेरिकेत वारं उलटं वाहू लागलं होतं. १९४० च्या सुमारास एर्कूप नावाचं एक विमान आलं. फ्रेड वाइक या हुशार अभियंत्याने ते असं आखलं की त्याला रडरची पेडलंच नव्हती. चाक नाकाखाली, मोटारीसारखं स्टिअरिंग, आणि ते स्पिनमध्ये जाऊच शकत नाही असं सरकारी प्रमाणपत्र. पायांना कामच ठेवलं नाही. १९४९ मध्ये अमेरिकेने साध्या वैमानिक परवान्याच्या परीक्षेतून स्पिन काढून टाकला. हा निर्णय मूर्खपणाचा होता असं जुने वैमानिक चवताळून सांगतात, मला ते पूर्ण पटत नाही. स्पिन शिकवताना माणसं मरत होती, हे खरंच आहे. स्पिन काढला तर कारखानदार स्पिनला न जाणारी विमानं बनवतील, असा त्यामागचा हिशोब होता, आणि तो बराचसा बरोबरही निघाला. १९५६ मध्ये सेसना १७२ आलं, म्हणजे आधीच्या १७० चंच चाक मागून काढून नाकाखाली बसवलेलं. जगात सगळ्यात जास्त बांधलं गेलेलं विमान ते. आपल्या क्लबांतली पुष्पकं झिजत गेली तशी त्यांची जागा सेसनांनी घेतली. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाणशिक्षण जुहूहून धुळ्याला गेलं, बारामती आणि गोंदियाला नव्या संस्था आल्या. अकादम्या वाढल्या, विद्यार्थी वाढले, शेपटीची चाकं नाहीशी झाली.

नागरी कसरतींवर आपल्याकडे एक सावलीही पडली. २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंगजवळ फ्लाइंग क्लबचं पिट्स एस-२ए विमान कसरत करताना कोसळलं. त्यात संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना गेले. पिट्स हे कसरतींसाठीच जन्मलेलं, शेपटीवर बसणारं चिमुकलं दुपंखी. दोष त्या विमानाचा नव्हता. इतक्या कमी उंचीवर कसरती करायच्याच नसतात. पण सामान्य माणसाच्या मनात हवाई कसरत म्हणजे श्रीमंतांचा जीवघेणा नाद, हे त्या दिवशी पक्कं झालं.

आणि संभाजीनगरचा स्वतःचा दिवस. २६ एप्रिल १९९३. उदयपूरहून येऊन मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून उठताना पट्टीपलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं आणि शेतात पडलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत कारणं दोन निघाली: वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नव्हती. पुष्पकवर शिकलेला वैमानिक असता तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं गेलेल्यांशीही अन्याय आहे. एवढंच म्हणतो की एप्रिलच्या दुपारी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवरच्या तापलेल्या पट्टीवर, भरलेलं विमान कधी आणि कसं उचलायचं हे शेवटी एका माणसाचे हात ठरवतात. जेटच्या युगातसुद्धा.

हे उरलेल्या जगाला नीट कळलं ते २००९ मध्ये. फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान स्टॉल होऊन पडलं, ५० माणसं गेली. १ जूनला एअर फ्रान्सचं एअरबस अटलांटिकमध्ये गेलं, २२८ माणसांसह. दोन्हीकडे विमान स्टॉलमध्ये होतं आणि वैमानिकाचा हात स्टिक मागे ओढत होता. पार्कच्या काळातली तीच उपजत चूक. फक्त मधल्या शंभर वर्षांत तिच्यावर संगणकांचे इतके थर चढले होते की ती आत जिवंत आहे हेच लोक विसरले होते.

पण पाय शिकवला की सगळं साधलं, असंही नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कहून उडालेल्या एका एअरबस ए३००च्या सहवैमानिकाने पुढच्या विमानाच्या भोवऱ्यांतून जाताना रडर या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकं जोरात दाबलं की शेपटीचा उभा पंखच तुटला. जमिनीवरच्या पाचांसह २६५ माणसं गेली. चौकशीत कंपनीच्या प्रशिक्षणक्रमावरही बोट ठेवलं गेलं. अशा वेळी रडर वापरा, हे त्यात ठसवलेलं होतं. छोट्या विमानात कमावलेला पाय मोठ्या विमानात किती हलका ठेवायचा, हे वेगळं शिकवावं लागतं.

एवढं झाल्यावर चक्र उलटं फिरलं. डिसेंबर २०१९ पासून युरोपात विमानकंपनीत वैमानिक होऊ पाहणाऱ्याला किमान तीन तास खऱ्या विमानात, सिम्युलेटरमध्ये नव्हे, शिक्षकासोबत उलटंपालटं होऊन सरळ व्हायला शिकावं लागतं. स्मिथ-बॅरी नव्या नावाने परत आला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे शिक्षण बंद झालं नाही, ते दोन वाटांनी फुटलं. एक वाट संभाजीनगरातूनच जाते. राज्य सरकारने १९७७ मध्ये इथे सुरू केलेली सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट महाराष्ट्रभरची दहावी झालेली मुलं घेते आणि त्यांना खडकवासल्याच्या एनडीएसाठी तयार करते. त्यांतला जो वायुदल निवडतो, त्याचा हवेतला पहिला धडा होतो तो एनडीएच्या ग्लायडरड्रोमवर, सुपर डिमोना या मोटर-ग्लायडरमध्ये. लांब पंखाचं ग्लायडर कलवलं की नाक उलट पळतं आणि पाय आपोआप शिकतो. १९०२ चाच धडा.

पुढे तो पिलाटस पीसी-७ वर जातो. त्याला नाकाखाली चाक आहे, पण स्पिन आणि कसरती अभ्यासक्रमात पक्क्या आहेत. मधली गोष्ट मात्र कडू आहे. एचटी-२ची जागा घेणारं एचपीटी-३२ दीपक १९८४ पासून आलं, त्याचं इंजिन पुन्हा पुन्हा दगा देत राहिलं, आणि २००९ मध्ये ते जमिनीवर बसवावं लागलं. नवी पोरं शिकवायला विमानच उरलं नाही, म्हणून किरण जेटं प्राथमिक वर्गाला जुंपली गेली, आणि त्यापायी २०११ मध्ये सूर्यकिरण हे कसरतपथक बंद पडलं. ते पथक १९९६ पासून बीदरला होतं. बीदर म्हणजे आपल्या सीमेवरचं, औरादपासून भालकीपर्यंत घराघरांत मराठी बोललं जाणारं, एकेकाळी मराठवाड्याबरोबर निजामाच्याच राज्यात असलेलं. आणि ज्या किरण विमानांवर नऊजण पंखाला पंख लावून उडत होते, तेही घाटग्यांच्याच चमूने आखलेलं, १९६४ साली पहिल्यांदा उडालेलं. चार वर्षांनी सूर्यकिरण पुन्हा उभं राहिलं ते हॉक विमानांवर.

किरणच्या जागी यायचं एचजेटी-३६ २००३ मध्ये उडालं आणि मग अनेक वर्षं अडकून पडलं. कारण? स्पिन. ते स्पिनमधून खात्रीने बाहेर येईना. अखेर अभियंत्यांनी शेपटीचा उभा पंख मागे सरकवला, रडर मोठं केलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा फेऱ्यांचे स्पिन करून दाखवले. लार्कहिलवर पार्कने जे पेडल दाबलं, त्याचंच उत्तर एकशे दहा वर्षांनी बंगळुरूला पुन्हा शोधावं लागलं.

एचपीटी-३२ ची जागा आता एचटीटी-४० घेतंय. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा, सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची दुसरी उत्पादनसाखळी नाशिकजवळ ओझरला सुरू झाली. तेही सहा फेऱ्यांची परीक्षा देऊन आलंय. संभाजीनगरहून येवला-निफाडच्या वाटेने गेलं तर सकाळी निघून जेवायला ओझरला पोचता येतं.

दुसरी वाट प्रवासी विमानाकडे जाणाऱ्यांची. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने उभारायला घेतलेल्या वैमानिक शाळेत वर्षाला १८० जण शिकतील असं जाहीर झालंय. तिच्यासाठी ३४ विमानं मागवली, त्यांतली ३१ पायपर आर्चर. चांगलं, शांत, इंधन जपून खाणारं विमान, चाक नाकाखाली. निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेनुसार त्यात मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे.

ज्याला तरीही पाय घडवून घ्यायचाय आणि सैन्यात जायचं नाही, त्याला विनाइंजिनचा रस्ता उरतो. हडपसरचं सरकारी ग्लायडिंग सेंटर पन्नासच्या दशकापासून आहे. तिथे यंत्रावर गुंडाळल्या जाणाऱ्या लांब तारेने ग्लायडर वर खेचलं जातं, आणि एकदा ते सुटलं की खाली येईपर्यंत ज्याचं त्याने बघायचं. चुकलं तर पुन्हा वर नेणारं इंजिन नाही, म्हणून तिथला शिक्षक पहिल्या दिवसापासून पायांवर ओरडतो. विमानकंपन्यांच्या मुलाखतीत त्या तासांना फारसा भाव नाही. लॉगबुकात ते वेगळ्या रकान्यात जातात.